आबांचं प्रेशर

३ नोव्हेंबर

आबांच्या मानेतल्या दोन्ही मोठ्या रक्तवाहिन्या चोंदल्या आहेत. उजवी जास्त, डावी तिच्या खालोखाल. मागच्या आठवड्यात महाळुंग्याच्या लग्नात वधूवरांना आशीर्वाद देता देता त्यांची जीभ जड झाली, डावा हात लुळा पडला आणि थोड्या वेळात सगळं पुन्हा जागेवर आलं. मांडवाला वाटलं, माजी सरपंच भावुक झाले. टाळ्या पडल्या. माझे सासरे भावुक होत नाहीत हे लग्न होऊन आल्यापासून मला माहीत आहे, म्हणून मीच नवऱ्याला, किशोरला म्हटलं, आधी डॉक्टर गाठा.

आज बाणेरच्या हॉस्पिटलात डॉ. रत्नदीप ओव्हाळांनी सगळं समजावलं. ते मूळचे आमच्या मारुंजीचेच. त्यांच्या आजी फुलाबाई आमच्या खाचरात भातलावणीला यायच्या. आबा त्यांच्या घरांना आजवर ‘तिकडची आळी’ म्हणत आले. आज बाकावर शेजारी बसेल त्याला सांगत होते, “आपल्याच आळीतला पोरगा हाय.”

डॉक्टरांनी स्वतःच्या शर्टाची बाही दाखवली. “आबा, एका पद्धतीत नळी मुळाशी आडवी कापायची, बाही उलटवतो तशी उलटी करायची, आतला थर सोलून काढायचा, सुलट करून परत शिवायची. दुसरीत उभी चीर द्यायची, साफ करायचं आणि नळी अरुंद होऊ नये म्हणून वरून पट्टी शिवायची.”

“पट्टी म्हंजी ठिगळच की.”

“म्हणा हवं तर.”

“मेव्हण्याला ठिगळ लावलंय,” आबा खूश होऊन म्हणाले. “त्यांच्यात चालतं. आमी उलटीच करून घेनार.”

मेव्हणे म्हणजे महाळुंग्याचे जयसिंगमामा, माझ्या सासूबाईंचे भाऊ. त्यांचं हेच ऑपरेशन दिवाळीआधी दुसऱ्या डॉक्टरकडे झालं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “तुमच्या उजव्या नळीला वळण पडलंय, त्याला उलटवण्याची पद्धत बरी पडते. घराण्याचा त्यात संबंध नाही.” आबांनी यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं.

मग त्यांनी तोटा सांगितला. नेमक्या त्याच जागी शरीराचा दाब ओळखणारी एक नस असते. आमच्या इमारतीवरच्या टाकीत बॉलकॉक आहे ना, पाणी चढलं की पुरवठा बंद करणारा, तशी. उलटवताना तिची तार तुटते. डाव्या बाजूची नस हळूहळू काम उचलते, पण तोवर प्रेशर उसळ्या मारतं.

“ते आत्ता बी मारतंय,” सासूबाई म्हणाल्या. मी त्यांना आत्या म्हणते.

६ नोव्हेंबर

उजव्या बाजूचं ऑपरेशन नीट पार पडलं. आबांनी शुद्धीवर येताच विचारलं, “उलटीच केली न्हवं?”

९ नोव्हेंबर

घरी आणलं. डॉक्टरांनी बजावलंय, वरचा आकडा एकशे चाळीसच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. मेंदूला इतकी वर्षं अर्धपोटी रक्त मिळत होतं, आता एकदम भरून मिळतंय, त्यावर प्रेशर चढलं तर आत रक्तस्राव होऊ शकतो. डोकं दुखलं तर थेट फोन. प्रेशर मोजायचं काम माझ्याकडे.

किशोरनं घरात सगळ्यांना बसवून सांगितलं, आबांना कुणी उलट बोलायचं नाही. मला हसू आलं. आजवर कोण बोलत होतं?

आमच्या घराच्या वरचे तीन मजले हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलांना भाड्यानं दिलेत. जिन्यात किशोरनं पाटी लावली: ‘आबांचे प्रेशर आहे. चपला हातात घ्याव्यात.’ संध्याकाळी पाठीवर लॅपटॉप आणि हातात बूट घेऊन मुलं रांगेनं अनवाणी चढत होती. एखाद्या देवळाच्या पायऱ्या वाटाव्यात असा जिना दिसत होता.

१२ नोव्हेंबर

कोळवणच्या खाचरातला नवा इंद्रायणी तांदूळ आज शिजवला. वासानं जिना भरला होता. पहिला घास घेऊन आबा म्हणाले, “औंदा तांदळाला वासच न्हाई.”

“नाहीच,” किशोर म्हणाला.

“पार गेला वास,” आत्या म्हणाल्या.

मीही मान हलवली. थोड्या वेळानं आबा म्हणाले, “लई वास सुटलाय पर.” तर आम्ही तिघांनी त्यालाही होकार दिला. आबांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं, ताट सरकवलं आणि उठले. बहुतेक मीठ कमी घातल्यामुळे. उद्या लिंबू ठेवीन.

१५ नोव्हेंबर

आज मी एक गोष्ट केली, ती इथेच लिहून ठेवते.

आबा गेटवरून सुरू झाले. नवीन टेम्पोवाला गाडी आडवी लावतो, किशोरला धाक नाही, त्यांच्या सरपंचपदाच्या काळात असं नव्हतं. किशोर ‘हो आबा, हो आबा’ करत होता आणि त्याचा चेहरा लाल होत होता. मी मशीन आणून आबांच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे चौतीस आलं. अगदी छान. मी म्हटलं, “एकशे अडुसष्ट.”

घर गप्प झालं. आबाही गप्प झाले. खोलीत जाऊन पडले. दुपारभर पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मी लग्नात आणलेल्या पेटीतून एक पुस्तक काढलं आणि त्याची चाळीस पानं वाचली.

डॉक्टरांना मी खराच आकडा पाठवला. गोळ्यांशी खेळ नको. डॉक्टरांना खरा, घराला माझा, असं ठरवलं तर कुणाचं काही बिघडणार नाही.

१९ नोव्हेंबर

आबांचं प्रेशर ही आता आमच्या घरची मोठी सोय झाली आहे. आत्यांना भजनी मंडळातल्या बायकांना चहा करायचा कंटाळा येतो, तर म्हणतात, “ह्यांचं प्रेशर हाय ना.” किशोरला पतसंस्थेच्या मीटिंगला जायचं नव्हतं, प्रेशर. माझी नणंद आठवडाभर राहायला येणार होती, मी फोनवर आवाज खाली आणून तेच सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या एका मुलानं लग्नासाठी मागे लागलेल्या आईला सांगितलं म्हणे, घरमालकाचं प्रेशर आहे, इतक्यात कुणी पाहायला येऊ नका.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे खरे आकडे मात्र उतरत चालले आहेत. कधी कधी मला याचा आनंद व्हायला जरा उशीर होतो. असं का होतं, यावर विचार करायला हवा.

२३ नोव्हेंबर

जयसिंगमामा आले. त्यांची गोष्ट आबांच्या उलट आहे. पट्टीच्या पद्धतीत त्यांची नस शाबूत राहिली, आणि त्यांचं प्रेशर सुरुवातीला चढायच्या ऐवजी पडायचं. अजूनही एकदम उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. आत्यांनी भावाला सोफ्यावर उशी दिली, नवऱ्याला खुर्चीत उशी दिली आणि मध्ये बसल्या.

“काय म्हनतंय ठिगळ?” आबांनी सुरुवात केली.

“दाजी, तुमी उलटं व्हऊन बी सरळ न्हाई झाला.”

“मफलर काड. बघू दे.”

मामांनी मफलर काढला. आबा पुढे वाकून व्रण बघत राहिले. मग कायकाय विचारलं. दुखलं का. भूल कशी चढती. जाग आली तेव्हा जवळ कोण होतं. मामांनी सगळं सांगितलं. आबांना दुसऱ्याच्या ऑपरेशनातही खोट काढायची हौस, दुसरं काय.

मग मामांनी हळूच बॉम्ब टाकला. “दाजी, माज्या मानंत काय हाय म्हाईतीय का? बैल हाय.”

झालं असं, तपासणीला गेले तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मानेतली पट्टी कापडाची नाही, बैलाच्या काळजावरच्या पातळ पडद्याची आहे. तिच्यावर प्रक्रिया केलेली असते, ती कुजत नाही. मामांनी उभं आयुष्य बैलगाडा शर्यतीत घालवलं. महाळुंग्यात आता लोक म्हणे वाटेत थांबवून त्यांच्या मानेला नमस्कार करतात. आत्या लगबगीनं उठल्या, कुंकवाची डबी आणली आणि भावाच्या व्रणाशेजारी एक बोट लावलं.

“नंदीच म्हनायचा की,” त्या म्हणाल्या.

मामा गेल्यावर मी आबांचं प्रेशर मोजलं. एकशे ब्याऐंशी. डॉक्टरांना लगेच फोन केला, त्यांनी जादा गोळी द्यायला सांगितली. आज खोटं सांगायची गरजच पडली नाही.

२७ नोव्हेंबर

तपासणी झाली. उजवी बाजू उत्तम आहे. प्रेशर स्थिरावतंय, कारण डाव्या नसेनं काम उचललं आहे. पण डावी नळी आणखी चोंदली आहे. पंधरा दिवसांत तिचं ऑपरेशन हवं.

“करा की. उलटी करा,” आबा म्हणाले.

“आबा, या वेळी पट्टी.”

“न्हाई.”

“एका टाकीचा बॉलकॉक मीच काढलाय. दुसऱ्याचाही काढला तर पाणी ओसंडलं तरी कळणार नाही आणि संपलं तरी कळणार नाही. रागात प्रेशर आभाळाला भिडेल, झोपेत तळाला जाईल. जन्मभर. डावीची नस मी तोडणार नाही.”

आबा उभे राहिले. “रत्नदीप, आमी दोनदा सरपंच हुतो. ठिगळ लावून मी मारुंजीत हिंडनार न्हाई.” आणि चालू लागले.

किशोर त्यांच्या मागे धावला. डॉक्टर मला म्हणाले, “वहिनी, बोलण्याचं केंद्र मेंदूच्या डाव्या बाजूला असतं. ही नळी बंद झाली तर वाचा जाईल आणि उजवा हात जाईल. कधी ते मला सांगता येत नाही. उद्याही होईल. त्यांना कुणीतरी समजवा.”

मी हो म्हटलं. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, मी कुणालाही हो म्हणते.

३० नोव्हेंबर

समजवायचा प्रयत्न चालू आहे. काल किशोर वाचा जाण्याचा धोका सांगायला आबांच्या खोलीत गेला. दार लोटलेलं होतं, आम्ही बाहेर उभ्या. आतून ‘बरोबर आहे आबा’, ‘तेही खरंय आबा’ असं ऐकू येत होतं. बाहेर आला तेव्हा ऑपरेशनची तारीख रद्द करायचं कबूल करून आला होता. नंतर आत्या गेल्या. त्यांना आबांनी विचारलं, “तुला काय वाटतंय?” त्या म्हणाल्या, “तुमास्नी वाटंल तसं.” मग पाय चेपून परत आल्या.

इतके दिवस आम्ही फक्त होकाराची सवय केली. आता नकार द्यायची वेळ आली तर घरात तो द्यायला माणूसच नाही.

आज सकाळी आबा अंगणात एकटेच बसून मोठ्यानं बोलत होते. जुन्या ग्रामसभेतलं भाषण होतं. मारुंजी, माण, महाळुंगे, मुळशी, असे शब्द नीट तोडून म्हणत होते. दोनदा म्हणाले. निवडणुका जवळ आल्यात, त्याची तयारी असेल. माणसाची हौस जात नाही.

३ डिसेंबर

आबांनी मला हाक मारली. पट्टा बांधून घ्यायला दंड पुढे केला आणि खालच्या आवाजात विचारलं, “मेव्हण्याच्या मानंतला बैल कुनाचा हाय?”

“म्हणजे?”

“कुनाचा तरी असंलच की. कुटला हाय, खिल्लार का डांगी, कशानं गेला. फोन लाव रत्नदीपला.”

मी लावला. डॉक्टर म्हणाले, “वहिनी, तो माल बहुतेक परदेशातून येतो. तिकडचीच जनावरं.” मी आबांना तसंच सांगितलं.

“जर्सीवानी? वशिंड न्हाई?”

“बहुतेक नाही.”

आबा हसायला लागले. गेल्या महिन्याभरात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता डोळे पुसले. मशीनवर एकशे अठ्ठावीस. “बिनवशिंडाचा,” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. “आनि बहिनीनं कुकू लावलं.”

हसू ओसरल्यावर मी डॉक्टरांचं पुढचं वाक्य सांगितलं. पट्टी कापडाची किंवा बैलाचीच हवी असं नाही. स्वतःच्या पायातली शीर काढून तिचीही करता येते.

“माज्याच पायातली?”

“हो.”

ते बराच वेळ पायाकडे बघत बसले. “सदऱ्याला बगलंत कळी लावत्यात, ती त्याच कापडाची असती. तिला कुनी ठिगळ म्हनत न्हाई.”

“नाही म्हणत,” मी म्हटलं. या खेपेला मला खरंच तसं वाटत होतं.

मग ते म्हणाले, “डाव्या अंगाला बोलायचं असतं म्हनं. कापताना काय झालं तर?”

“डॉक्टर आहेत ना, काही होणार नाही.”

त्यांनी मान हलवली. पट्टा सोडला तरी हात माझ्या हातातून काढायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. गोळ्यांनी विसरायला होतं, असं त्या औषधाच्या कागदावर लिहिलेलंच आहे.

तारीख पुन्हा घेतली. अकरा डिसेंबर.

९ डिसेंबर

उद्या ॲडमिट व्हायचं, म्हणून जयसिंगमामा भेटायला आले. मी चहा करता करता कान देऊन होते, कारण आबा आज बैलाचं सांगणार याची मला खात्री होती. इतकी चांगली संधी ते सोडणाऱ्यातले नाहीत.

मामा नेहमीसारखेच फुशारकी मारत होते. पुढच्या शर्यतीला घाटात, म्हणजे गाडे पळतात तिथे, त्यांचा सत्कार आहे म्हणे. “दाजी, रातीच्याला आडवं पडलं की मानंत टापा ऐकू येत्यात.”

आबा म्हणाले, “कुटला असंल रं?”

“खिल्लारच की. दुसरा कुटला असतोय?”

मी कप हातात घेऊन दारात थांबले. आबा मामांच्या मानेकडे बघत होते.

“खिल्लारच असनार,” आबा म्हणाले. “तुजी चाल बगूनच कळतंय.”

मामा एवढे खूश झाले की एकदम उठले आणि अंधारी येऊन सोफ्यावर बसले. आबांनीच त्यांना धरलं, पाणी पाजलं. जाताना मामा म्हणाले, “दाजी, जाग याच्या वक्ताला मी हाय तितं.” आबा म्हणाले, “तुजं काय काम तितं, चक्कर येऊन पडशील.”

बैलाचं का सांगितलं नाही, कोण जाणे. विसरले असणार.

१२ डिसेंबर

कालचं आज लिहिते आहे. काल हात रिकामा नव्हता.

ऑपरेशन सकाळी झालं. पायाची शीर, मानेला पट्टी. डॉक्टर बाहेर आले आणि आधी तेच म्हणाले, “बोलले. उजवा हातही हलवला.” किशोर भिंतीला टेकला. जयसिंगमामा पहाटेपासून बाकावर बसून होते, त्यांनी मफलरनं तोंड पुसलं.

पण दुपारी दुसरंच सुरू झालं. प्रेशर पडायला लागलं. नव्वद. अठ्ठ्याऐंशी. डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं. इतकी वर्षं ती नस घट्ट थराखाली दबून होती. आता नळी साफ झाली, रक्ताचा प्रत्येक ठोका तिला नीट कळायला लागला, आणि तिला वाटतंय, टाकी भरली, पुरवठा तोडा. सलाईन आणि औषध चालू केलंय, सावरेल. “एकेकानं आत जा. त्यांना बोलतं ठेवा, म्हणजे वाचेवर माझी नजर राहील.”

आत्या आधी गेल्या. लगेच बाहेर आल्या, पदर तोंडाला. “ते मला म्हनले, तू दमली असशील. घरी जा.” असं म्हणून त्या रडायला लागल्या. जन्मात असं बोलले नव्हते.

किशोर गेला. आबा त्याला म्हणाले, “तू सांगशील तसं करू.” तोही पांढराफटक होऊन परतला. मामा म्हणाले, “दाजी गेलं का काय आतून?”

मग मी गेले. आबा उशीवर अगदी लहान दिसत होते. मानेला उजवीकडे जुना व्रण, डावीकडे नवी चिकटपट्टी, पायाला बँडेज. वरच्या पडद्यावर हिरवा आकडा, ब्याण्णव. त्यांनी डोळे उघडले.

“साधना,” ते म्हणाले. एरवी मी ‘अगं’ असते, किंवा ‘किशोरची’. “ह्या समद्यात तुजं काय म्हननं हाय?”

हा प्रश्न मला या घरात कुणी विचारला नव्हता, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, बोला ना मावशी, गप्प नका बसू. मी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

“आबा, जेवताना तुम्ही ओरडता ते मला अजिबात आवडत नाही. घास घशात अडकतो.”

पडद्यावर शहाण्णव झालं. आबांनी मान वळवायचा प्रयत्न केला.

“आनि?”

“यंदाच्या तांदळाला वास होता. चांगला घमघमाट होता. तुम्ही उगीच म्हणालात.”

“मला ठावं हाय,” आबा म्हणाले. आवाजात जरा धार आली होती. एकशे पाच. “आनि?”

“एकशे अडुसष्ट मी खोटं सांगितलं होतं. मला दुपारी वाचायचं होतं.”

ते माझ्याकडे टक लावून बघत राहिले. मला वाटलं, आता संपलं. एकशे चौदा.

“मग सरळ सांगायचं की, वाचायचंय म्हनून,” ते खेकसले. त्यांचा शब्द न् शब्द स्वच्छ होता. “तोंड न्हाई व्हय तुला?”

“तुमच्यासमोर नसतं,” मी म्हटलं. “आणि ती चपलांची पाटी काढायची. आणि वन्सं आल्या की त्यांच्यासमोर तुम्ही माझ्या माहेराबद्दल जे बोलता...”

“काय बोलतो मी?”

मग मी सांगितलं. कधी, कुणासमोर, काय. त्यांनी दोनदा “कोन म्हनतंय?” केलं, दोन्ही वेळा मी “मी म्हणतेय” असं उत्तर दिलं. डॉक्टर केव्हा येऊन पडद्यापाशी उभे राहिले मला कळलं नाही.

सिस्टरनी माझ्या खांद्याला हात लावला. “मावशी, पुरे आता. एकशे चोवीस झालंय, मस्त आहे.”

मी बाहेर आले. माझं अजून बरंच बाकी होतं.